सुनेच्या टेपवरचा निरोप

इंदूर, १५ नोव्हेंबर २०२४

शंकरकाका,

इतक्या लांबून पाया पडता येत नाही, म्हणून नमस्कारावर भागवते. मी मंजिरी, साताऱ्याच्या तुमच्या पांडुरंगची धाकटी. तुम्हाला फोनच करणार होते, पण बाबा म्हणाले की शंकरदादाचे कान आता फोनला दाद देत नाहीत, ई-मेल कर, तो पत्रासारखं सविस्तर उत्तर देतो. म्हणून हे पत्रच समजा.

जूनपासून मी इंदूरला आहे. सांवेर रोडवर पंप बनवणारा एक कारखाना आहे, तिथे एचआरमध्ये लागले. आमच्या रिसेप्शनमागच्या कपाटात व्हॉइस मेलचं एक जुनं मशीन आहे. कुणी जागेवर नसलं की फोन करणाऱ्याने निरोप बोलून ठेवायचा आणि आपण आल्यावर तो ऐकायचा. त्या मशीनवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'बिघाड झाल्यास शंकरराव, परदेशीपुरा'. खाली जो नंबर आहे तो आता लागत नाही. सहज बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की अगं, हा आपलाच शंकरदादा, आता मिरजेला असतो. तेव्हापासून मला जरा धीर आलाय, कारण बिघाड झालेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असताना वीज कमीजास्त झाली आणि मशीनची डिस्क जळाली. ऑफिसात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, सगळे म्हणतात की आता व्हॉट्सअ‍ॅप आहे की. पण मला त्यातला एक निरोप परत हवाय. त्याच्यावर एका माणसाची नोकरी अडकली आहे आणि कदाचित माझीही.

सुशांत नावाचा आमचा डिस्पॅच सुपरवायझर होता. इथलाच, परदेशीपुऱ्याचा मराठी. ऑक्टोबरात माल उतरवण्यावरून जवळच्या बेटमा गावच्या एका ट्रक ड्रायव्हरशी त्याचं भांडण झालं. सुशांतने त्याच्या कानाखाली वाजवली आणि ड्रायव्हरने पोलिसांत जाऊन केस घातली. आमचे मालक यशवर्धनजी भडकले. त्यांनी माझ्यासमोर सुशांतला हिंदीत बजावलं की एक तर हे प्रकरण मिटव, नाही तर नोकरी सोड, तोवर कामावर येऊ नको. जे ठरेल ते मंजिरी मॅडमना कळव, कागद त्या बनवतील. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी जागेवर नसताना सुशांतने निरोप ठेवला, की राजीनामा देतो, कागद तयार करा. तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. सोमवारी यशवर्धनजींना सांगितलं की सुशांतने रिझाइन केलं. ते म्हणाले, अच्छा हुआ. मी तसं पत्र काढलं. मंगळवारी, ऐन धनत्रयोदशीला, सुशांत कारखान्यावर आला, तर गार्डने त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

आता तो म्हणतो की मी इस्तीफा दिलाच नाही. त्याने लेबर ऑफिसात तक्रार केली आहे आणि २ डिसेंबरला सुनावणी आहे. तक्रारीत लिहिलंय की इस्तीफ्याच्या निरोपाची गोष्ट एचआरच्या मॅडमनी रचली. निरोप ऐकलेली मी एकटीच आणि मशीन मेलेलं. यशवर्धनजीसुद्धा परवा विचारत होते, आपने ठीक से सुना था ना? मी अजून प्रोबेशनवर आहे, खोटी ठरले तर इथून जावंच लागेल. पण काका, त्याहून वाईट म्हणजे रोज कुणी ना कुणी विचारतं आणि आता मलाच वाटायला लागलंय की मी खरंच ऐकलं होतं ना? रात्रीची झोप उडाली आहे.

यातून काही निघेल का?

तुमची,
मंजिरी


मिरज, १६ नोव्हेंबर

चि. मंजिरी,

तुझं पत्र वाचून कान टवकारले असं लिहिणार होतो, पण ते आता नुसते चष्मा अडकवायला उरलेत. तू ई-मेल केलास हे उत्तम झालं. फोनवर तू 'टेप' म्हटलं असतंस आणि मला 'ढेप' ऐकू आलं असतं, आणि दोघं मिळून पेंडीचा भाव काढत बसलो असतो.

ते मशीन मी बसवलं तेव्हा तू शाळेत असशील. अजून चालत होतं हे वाचून मला जो आनंद झाला तो तुझ्या संकटाच्या मानाने जरा अशोभनीय आहे, तेव्हा तो बाजूला ठेवतो.

आधी धीर धर. डिस्क मेली म्हणजे निरोप गेले असं होत नाही. मशीनच्या पोटात टेपची एक खाच आहे बघ, छोट्या कॅसेटएवढी टेप तिच्यात जाते. दर महिन्याच्या सुरुवातीला एका टेपवर सगळ्या मशीनची नक्कल उतरायची आणि दर शनिवारी दुसऱ्या टेपवर फक्त त्या आठवड्यात नवीन आलेले निरोप. तुझा निरोप शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी कुणी इमानाने टेप बदलली असेल तर तो तिच्यावर आहे. रिसेप्शनवर शैलजाबाई होत्या, अजून असतील तर त्यांना विचार. टेपांवर मी माझ्या हाताने 'सासू' आणि 'सून' अशी नावं घातली होती. हसू नकोस. महिन्याची टेप ती सासू, घर केवढं, खोली कुठली, कुणाची, हे सगळं तिला ठाऊक. आठवड्याची ती सून, ती नवं सामान घेऊन येते, पण ठेवायचं कुठे हे सासूने सांगितल्याशिवाय तिला समजत नाही. आजच्या काळात असली नावं ठेवली असती तर तू एचआरवाली माझ्यावर कारवाई केली असतीस. पण शैलजाबाईंना सहा वेळा इंग्रजीत सांगून जे समजलं नव्हतं ते या नावांनी एका चहात समजलं.

टेपा सापडल्या तर कळव, तोवर मशीनला हात लावू नको.

आणि एक. तू लिहितेस, 'राजीनामा देतो' असं तो म्हणाला. हा झाला तुझा गोषवारा. त्याचे शब्द काय होते? आठवून लिही. टेलिफोन खात्यात उभी हयात गेली माझी, लोक ऐकलेलं कधी सांगत नाहीत, समजलेलं सांगतात. तू खोटं बोलतेस असं मला क्षणभरही वाटत नाही. पांडुरंगच्या घरात खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती, त्यालाच ते जमत नसे.

नीट जेवत जा. इंदूरला राहून वाळलीस तर लोक मला विचारतील.

तुझा,
शंकरकाका


इंदूर, १९ नोव्हेंबर

शंकरकाका,

तुमच्या टेपा सापडल्या आणि थोडक्यात वाचल्या.

शैलजाताई अजून इथेच आहेत. दर शनिवारी घरी जायच्या आधी टेप बदलायची आणि जुनी बिस्किटांच्या डब्यात टाकायची, हे त्या पूजेसारखं करत आल्या आहेत. कशासाठी ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण शंकररावांनी सांगितलंय म्हणजे करायचं. दिवाळीनंतर मशीन बघायला जो टेक्निशियन आला होता त्याने डबा उघडला आणि 'सासू', 'सून' वाचून त्याला वाटलं की ह्या कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेट आहेत. तो त्या भंगारात टाकणार होता. शैलजाताई त्याच्यावर अशा ओरडल्या म्हणे की तो चहा न घेताच गेला. 'सासू, ऑक्टोबर' आहे आणि 'सून चौथी' पण आहे. मी हिशेब केला, चौथा शनिवार म्हणजे माझ्या निरोपाच्या दुसऱ्या दिवसाचा. हे वाचून मी खुर्चीतच बसून राहिले, इतकं हलकं वाटलं.

पण आता रागवा. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात आणि मला दम निघाला नाही. नवी डिस्क आणि डब्यात तुम्ही ठेवलेल्या सीडीवरचा प्रोग्रॅम, एवढं त्या टेक्निशियनने गुपचूप परत येऊन बसवून दिलं होतंच. मला निरोप सुनेच्या टेपवरचा हवा होता, म्हणून मी सरळ तीच टेप आत घातली. बराच वेळ घरघर झाली आणि मग स्क्रीनवर आलं की असा मेलबॉक्स अस्तित्वात नाही. मी टेप काढून डब्यात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. काका, मी ती पुसून तर नाही ना टाकली?

काल सुशांतची आई आली होती. शोभनाताई. आधी वाटलं, भांडायला आल्यात. पण त्या रिसेप्शनवर पिशवी मांडीवर घेऊन शांत बसून राहिल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, तर त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, माझा सुशांत गरम डोक्याचा आहे, पण झूठ नाही बोलत. आणि तू पण झूठी नाही दिसत. मग ही चीज काय आहे, मला समजव." मी नुसतं एवढंच म्हटलं की मशीन दुरुस्त करतेय, जे असेल ते ऐकवेन, माझ्या विरुद्ध असलं तरी ऐकवेन. त्या उठताना म्हणाल्या, दिवाळीचे लाडू अजून डब्यात तसेच आहेत, घरात कुणी हात नाही लावला.

सुशांत स्वतः माझ्याशी बोलत नाही. तो जे बोलतो ते लेबर ऑफिसातल्या हिंदी कागदातून आणि मी जे बोलते ते कंपनीच्या इंग्रजी कागदातून. दोघंही मराठी, हे विशेष.

त्याचे शब्द आठवायचा खूप प्रयत्न केला. आवाज आठवतो, मागे हॉर्न वाजत होते ते आठवतं, 'कागद' आठवतो. बाकी फक्त अर्थ आठवतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

मंजिरी


मिरज, २० नोव्हेंबर

चि. मंजिरी,

टेप पुसली गेलेली नाही. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

सून दारात आली, घरात सासू नव्हती, म्हणून ती सामानासकट परत गेली. 'असा मेलबॉक्स अस्तित्वात नाही' याचा अर्थ एवढाच. तुझी खोली कुठली हे कोऱ्या मशीनला ठाऊकच नव्हतं. अशी उतावळी मुलगी एचआरमध्ये कशी घेतली हे तुझ्या मालकांना विचारायला हवं.

आता मी सांगतो तसंच कर. टेपच्या कडेला नखाएवढी एक सरकती खिटी आहे. ती दोन्ही टेपांवर दुसऱ्या बाजूला सरकव, म्हणजे मशीनला त्या फक्त वाचता येतील, त्यांच्यावर लिहिता येणार नाही. हे आधी केलं असतंस तर तुला घाबरावं लागलं नसतं. मग सासू घाल आणि मेनूतला 'पूर्ण पुनर्स्थापना' हा पर्याय घे. वेळ लागेल. मध्येच थांबलं आणि नारंगी दिवा लुकलुकायला लागला तर वाचणारा भाग मळलेला आहे. डब्यात एक पांढऱ्या लेबलची कोरी टेप असेल, ती साफसफाईची. ती एकदा फिरव आणि सासू पुन्हा पहिल्यापासून घाल. हिरवा दिवा स्थिर झाला की मग सून. मशीन शिट्या मारतं त्यांचा अर्थ मला विचारू नको. मी बसवलं तेव्हा पाठ होत्या, पण आता त्यांच्याबद्दल लिहिताना त्या कशा वाजायच्या हेच आठवेना. दिवे मात्र सगळे आठवतात.

शोभनाताईंचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही. बाई शहाणी दिसते. दोन खरी माणसं आणि एक खोटी गोष्ट, हे तिने बरोबर मांडलं.

शंकरकाका


मिरज, २० नोव्हेंबर, दुपारी

मंजिरी,

जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. सर्वात मोठी गोष्ट लिहायची राहिली. मशीनला सवय आहे, ठरावीक मुदतीपेक्षा जुने निरोप ते आपणहून पुसतं, आणि ही मुदत मीच घातलेली आहे. तुझा निरोप ऑक्टोबरातला. आज तो परत आणलास तर मशीन म्हणेल की हा जुना झाला आणि तुझ्यादेखत साफ करून टाकेल. टेपवर तो राहील, पण मशीन बिथरलं तर पुन्हा वाचता येईलच याची खात्री नाही, टेपा म्हाताऱ्या आहेत. टेप घालायच्या आधी मशीनची तारीख मागे ने. त्या शनिवारची घाल.

हे वाचलंस की फक्त 'वाचलं' एवढं लिही. तोवर मला चैन पडणार नाही.

शंकरकाका


इंदूर, २० नोव्हेंबर

वाचलं. खिटी सरकवून सासू हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात लाइट गेली. लाइट यायची वाट बघताना मोबाइलवर तुमचं पत्र उघडलं. काका, इंदूरच्या वीजवाल्यांना तुमच्या वतीने मनातल्या मनात हात जोडले. एकदा मशीन मारलं, एकदा तारलं. आता शांतपणे, तारीख बदलून, शनिवारी करते. त्या दिवशी ऑफिस अर्धा दिवस असतं आणि शैलजाताई सोबत बसणार आहेत.

मंजिरी


इंदूर, २३ नोव्हेंबर

शंकरकाका,

सापडला. आहे. मी खोटं बोलत नव्हते.

तारीख मागे नेली. सासूने अर्ध्यात नारंगी दिवा दाखवला, पांढऱ्या टेपने तिची वाट मोकळी केली आणि दुसऱ्या वेळी ती पूर्ण उतरली. मग सून. हिरवा दिवा लागला तेव्हा शैलजाताईंनी मशीनला हात जोडले. मी माझा नंबर फिरवला आणि मशीन म्हणालं की तुमच्यासाठी निरोप आहेत. पहिला एका कुरिअरवाल्याचा, दुसरा कँटीनचा आणि तिसरा सुशांतचा. मागे तेच हॉर्न. मी तीनदा ऐकला आणि शब्दन् शब्द लिहून घेतला, कारण तुम्ही शब्द मागितले होते. हे घ्या:

"मॅडम, सुशांत बोलतोय. राजीनाम्याला मी तयार आहे. कागद बनवून ठेवा, मंगळवारी आम्ही दोघं येतो, साइन करून देऊ. सरांना सांगा, माझ्याकडून बात खतम. रोजची ही किटकिट नको आता."

एवढंच. बघा, माझ्या आठवणीत होतं तसंच आहे. मी रडले, ते मात्र शैलजाताईंनी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय. इतके दिवस आपण वेड्या झालोय की काय असं वाटत होतं, ते ओझं उतरलं. निरोप मोबाइलमध्येही उतरवून घेतलाय. अजून यशवर्धनजींना ऐकवलेला नाही, ते उज्जैनला गेलेत, सोमवारी येतील. तेव्हा ऐकवेन आणि सुनावणीत देईन.

फक्त एक गोष्ट आनंदावर पाणी ओततेय. शोभनाताईंना मी शब्द दिलाय की ऐकवेन. आता ऐकवायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांच्या मुलाला खोटं पाडायचं. जिंकल्यासारखं वाटायला हवं, पण वाटत नाही.

तुमचे उपकार कसे फेडू?

मंजिरी


मिरज, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी

चि. मंजिरी,

उपकार राहू देत. आधी तो निरोप कुणालाही 'पुरावा' म्हणून देऊ नको. आणि बसून वाच.

मंगळवारी आम्ही 'दोघं' येतो, असं तो म्हणतो. नोकरी सोडायला कुणी जोडीने येतं का? सह्या 'करून देऊ' म्हणतो. नोकरी सोडायला एकाची सही पुरते. मी तुझं पत्र वाचता वाचता तिथे अडखळलो आणि मग मागे जाऊन 'राजीनामा' हा शब्द पुन्हा वाचला. तुझ्या पत्रांत मी तो याआधी वाचला होता, पण तेव्हा तो तुझा शब्द होता, साताऱ्याचा. आज तो परदेशीपुऱ्याच्या माणसाच्या तोंडून वाचला.

मंजिरी, इंदूरला राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. तिथल्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. वादी आणि प्रतिवादी दोघं राजी झाले, लिहून सह्या केल्या, केस मिटली, झाला राजीनामा. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेले मराठी लोकसुद्धा हाच अर्थ धरतात, घरात मराठी बोलताना पण.

आम्ही नवे परदेशीपुऱ्यात राहायला गेलो तेव्हा आमच्या शेजारी नानासाहेब होते. गटाराच्या पाण्यावरून त्यांची समोरच्या घराशी कोर्टात केस चाललेली. एक दिवस पेढे घेऊन आले आणि म्हणाले, राजीनामा झाला. तुझी काकू सोलापूरची. ती म्हणाली, बरं झालं नानासाहेब, आता घरी निवांत आराम करा, पोथ्या वाचा. नानासाहेबांची भरभराटीची वकिली होती. ते पेढ्याचा पुडा हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. पुढे कित्येक वर्षं ते तिला भेटले की म्हणायचे, वहिनी, अजून पोथी सुरू नाही केली.

तुझ्या मालकांनी त्याला दोन रस्ते दिले होते, मिटव किंवा सोड. त्याने मिटवण्याचा रस्ता घेतला आणि तुला कळवलं. तुझ्या कानात साताऱ्याचा शब्द होता, तुला सोडण्याचा ऐकू आला. तू खोटं बोलली नाहीस. तोही बोलला नाही. दुसरा माणूस तो बेटम्याचा ड्रायव्हर असणार, हा माझा अंदाज. जाऊन विचार. सोमवारपर्यंत थांबू नको.

आणि स्वतःला दोष देत बसू नको. ती चैन सुनावणीनंतर कर.

शंकरकाका


इंदूर, ३ डिसेंबर

शंकरकाका,

तुमचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी परदेशीपुऱ्यात गेले. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सगळं पार पडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता क्रमाने सांगते.

दार शोभनाताईंनी उघडलं. सुशांत आत बनियनवर बसून रेडिओ खोलून काहीतरी दुरुस्त करत होता. मला बघून उठला आणि आतल्या खोलीत जायला निघाला. मी उंबऱ्यातूनच विचारलं, सुशांतजी, तुम्ही फोनवर राजीनामा म्हणाला होतात ना? तो थांबला. म्हणाला, "हो, म्हणालो ना. त्याच्याचसाठी तर आलो होतो, देवेंद्रला बाइकवर मागे बसवून. किती मुश्किलीने मनवला होता त्याला. गेटवर गार्ड म्हणे, सुशांत भिया, अंदर मत जाना, तुम्हारा इस्तीफा हो गया." देवेंद्र म्हणजे तो ड्रायव्हर. तुमचा अंदाज बरोबर होता.

मी म्हटलं, आमच्या साताऱ्याकडे राजीनामा म्हणजेच इस्तीफा. मला वाटलं, तो आता ओरडेल, आणि ओरडला असता तरी मला चाललं असतं. तो हळूच म्हणाला, "ही काय बात झाली, मॅडम. माणूस राजी आहे, तेव्हाच तर राजीनामा."

मी माफी मागितली. त्याची आणि शोभनाताईंचीही. मी म्हटलं, मी तुम्हाला उलट फोन करून एकदा विचारलं असतं तर तुमची दिवाळी गेली नसती. सुशांत खाली बसला आणि रेडिओचे स्क्रू गोळा करत म्हणाला की मी पण ज्याला त्याला सांगत फिरलो, मॅडमने कहाणी बनवली म्हणून. मग मी मोबाइलवर निरोप लावला. शोभनाताई ऐकायला अगदी जवळ आल्या. 'राजीनाम्याला मी तयार आहे' हे ऐकून त्या आधी हसायला लागल्या, पदर तोंडावर धरून हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. म्हणाल्या, माझं पोरगं पहिल्यांदा झुकायला तयार झालं होतं आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. मला लाडू दिला. दिवाळीचाच होता, कडक झालेला. मी सगळा खाल्ला.

सोमवारी यशवर्धनजींना ऐकवला. मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल. त्यांनी एकदा ऐकला आणि लगेच म्हणाले, अरे, ये तो समझौते की बात कर रहा है. पहिल्याच दिवशी मी त्यांना मशीनजवळ नेऊन निरोप ऐकवला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी फक्त अर्थ सांगितला आणि तेही इंग्रजीत. ते मला बोलतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, मैंने भी तो 'अच्छा हुआ' बोल दिया, एक बार पूछा नहीं. सुशांतच्या जागी घेतलेल्या माणसाला त्यांनी स्टोअर्समध्ये दिलं, कुणाचीच नोकरी गेली नाही. मला त्या वेळी किती सुटल्यासारखं वाटलं ते लिहिता येत नाही.

काल सुनावणी झाली. लेबर ऑफिसात सुशांत, शोभनाताई, देवेंद्र, यशवर्धनजी आणि मी, सगळे एकाच बाकावर बसलो होतो. देवेंद्रशी सुशांतचं आधीच मिटलं, शुक्रवारी कोर्टात दोघांनी लिहून दिलं. देवेंद्र स्वतःच्या कानाला हात लावून म्हणत होता की भिया, अब हाथ जेब में रखना. राहिलं होतं ते सुशांत आणि कंपनी यांचं. अधिकारी वयस्कर होते. त्यांनी निरोप ऐकला, आमची सगळी हकीकत ऐकली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला वाटतं, हसू आवरत होते. मग त्यांनी कागद मागवला. सुशांत आजपासून जुन्याच जागेवर, मधल्या दिवसांचा पगार धरून, आणि दोन्ही बाजूंची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही. सुशांतने सही केली. कंपनीच्या वतीने कुणी करायची यावर यशवर्धनजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पेन घेतलं आणि वर बघितलं, तर कागदाच्या माथ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'राजीनामा'. सुशांतने ते माझ्याआधीच वाचलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. साइन करा."

बाहेर आल्यावर इतकी आनंदात होते की आधी आईला फोन लावला आणि तोंडातून निघून गेलं, आई, आज राजीनाम्यावर सही केली. आई अगदी जपून म्हणाली, जाऊ दे बाळा, होतं असं, कधी येतेस घरी?

मी तिथे लेबर ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले आणि तिला सांगितलं, आई, हा इथला राजीनामा आहे. नोकरी आहे, माझी पण आणि त्याची पण.

तुमची,
मंजिरी